डब्यात आपलं कोण?

दाजी, तुम्ही गेलात तेव्हा घरातले सगळे रडले आणि मी भ्यालो. आता यावरही तुम्ही म्हणाल, "नाटक्या, तुला दुसरं येतं काय?" म्हणा. मेव्हण्याला टाकून बोलण्याचा तुमचा हक्क मी अजून काढून घेतलेला नाही.

पण खरंच भ्यालो. तुम्हाला इंदिरानगरच्या घरी आणलं, पुढच्या खोलीत ठेवलं, शेजारच्या बायका अक्काला धरून बसल्या. रडता रडता अक्का एकदम थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "शरद, गेले रे. शेवटपर्यंत सांगितलंच नाही."

जमलेल्यांना वाटलं, घराबिराचं काही राहिलं असेल. तुमचे ते लांबचे काका तर मान पुढे काढून ऐकायलाही लागले. मला मात्र कळलं होतं ती काय म्हणतेय ते, आणि म्हणूनच भ्यालो. कारण ज्याला विचारायचं तो माणूस चादरीखाली शांत पडला होता, आणि माझ्या बहिणीला उरलेला जन्म त्या एका प्रश्नाबरोबर काढायचा होता: त्या दिवशी डब्यात ती आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?

तुम्हाला टेहळ्या डोंगर काय सांगायचा, तुमची हयात त्याच्या माथ्यावर गेली. पण हे चार लोक वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही तेवढ्यात सुपारी कातरून घ्या.

टेहळ्या म्हणजे नाशकाबाहेरचा, एसटीनं धूळ खात गाठायचा डोंगर. खाली लहानसं गाव, वर पडका किल्ला. दरवाजा आहे पण कमान नाही, तटाला जागोजाग खिंडारं, एक बुरूज तेवढा अजून छाती काढून उभा, आणि त्याच्या भेगेतून वाढलेला पिंपळ. कुण्या गोऱ्या साहेबाला उन्हाळ्यात वर राहायचं होतं आणि पायऱ्या चढायच्या नव्हत्या. म्हणून त्यानं तट फोडून, कड्याच्या अंगावरून सरळ उभा रूळ टाकला. एका दोराला दोन डबे. एक वर गेला की दुसरा खाली. साहेब गेला, त्याच्या बंगल्याचं छप्पर गेलं, गाडी राहिली. पुढे सरकारी खातं तिच्यातून वरच्या बिनतारी केंद्राचं सामान न्यायचं आणि देवीच्या यात्रेला माणसं. गावानं डब्यांची नावं ठेवली होती सासू आणि सून. दोघी एकाच दोराला बांधलेल्या, एक चढली की दुसरीनं उतरायचंच, आणि मध्यावर जिथे रूळ फाकतो तिथे अंग चोरून, तोंड न बघता एकमेकींना ओलांडायचं. त्या मधल्या जागेला सगळे बगल म्हणायचे. बगलेच्या वर चढ इतका उभा की डब्यातल्या माणसाला समोर फक्त आभाळ आणि तो बुरूज दिसायचा.

दोर ओढायचं यंत्र वर, बुरुजालगतच्या दगडी खोलीत. दोरघर. तिथे दांडा धरून तुम्ही उभे असायचात. उंचीनं बेताचे, बोलायला बेताचे, आणि हात मात्र असा की पाण्यानं भरलेला पेला डब्यात ठेवला तरी हिंदकळू नये. मी पहिल्यांदा बसलो तो तुमच्या लग्नानंतरच्या दिवाळीला. वर पोचेपर्यंत डोळे घट्ट मिटून मारुतीचं स्तोत्र म्हणत होतो. डोळे उघडले तर गाडी केव्हाच थांबलेली आणि तुम्ही दारात उभे. म्हणालात, "पाव्हणं, स्तोत्र पुरं करूनच उतरा. मधेच सोडू नये."

त्याच दिवशी तुम्ही मला दोरघराचा नियम सांगितला. गाडी सोडण्याआधी वरचा माणूस खाली फोन करायचा आणि एकच विचारायचा, "आपलं कोण?" खालचा खंडू डब्यात डोकावून सांगायचा, "आपलं कोन नाय. सोडा." मग घंटा. पण दांडा धरणाऱ्याचं कुणी, बायको, भाऊ, लेकरू, डब्यात असलं, तर त्यानं दांडा दुसऱ्याला द्यायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. बघायचंसुद्धा नाही.

"का?" मी विचारलं.

"आपलं माणूस डब्यात असलं की हात भितो. भ्यालेला हात मधेच ब्रेक ओढतो. दोर वजनानं तुटत नाही, शरद. झटक्यानं तुटतो."

मी म्हणालो, "मग आत्ता मी होतो की!"

"तू? दांडा माझ्या जोडीदाराकडे होता, यमाजीकडे. मी बाहेर बसलो होतो." आणि वर म्हणालात, "चहा पीत."

अक्काची पंचाईत ही होती की ती त्या गाडीत कधीच बसली नव्हती. ती बसली तर तुम्हाला दांडा सोडावा लागणार. आणि ती म्हणाली, यमाजी चालवील की, तर तुमचं उत्तर ठरलेलं, "दुसऱ्याच्या हातावर तुला सोडू?" म्हणजे तुम्ही चालवायची नाही आणि दुसऱ्यानं चालवायची नाही. ती बिचारी वर्षानुवर्षं तुमचा जेवणाचा डबा घेऊन पायऱ्यांनी धापा टाकत चढायची, आणि शेजारून दहा गावच्या बायका गाडीतून तिला हात हलवत जायच्या.

यात्रेच्या दिवशी तिनं कंबर कसली. मी तेव्हा एकलहऱ्याला नुकताच लागलो होतो, वीज केंद्राच्या कॉलनीत नाटकं बसवत होतो आणि समोर येईल त्याच्या नकला करत होतो. अक्का म्हणाली, "शरद, आज मी नवऱ्याच्या गाडीत बसणार. तू फोन घे."

खंडूला आम्ही भज्यांवर फितवला. भजी खाताखाताच त्यानं अंग काढून घेतलं, "मी नाय बोलनार. खोटं बोलायचं तर तुमचं तुम्ही बोला." मग काय, माझ्यातला नट जागा झाला. फोन वाजला, मी उचलला. पलीकडून तुमचा आवाज आला, "आपलं कोण?" मी खंडूचा आवाज काढला. त्याचा घसा, त्याचं नाकातून बोलणं, त्याची ती खोल खाकरणी, सगळं. "ख्ख्… आपलं कोन नाय. सोडा." खंडू तोंडात भजं धरून माझ्याकडे बघतच राहिला. मी फोन ठेवला, वाकून मुजरा केला आणि उडी मारून डब्यात बसलो. अक्कानं पदर नाकापर्यंत ओढला होता.

डब्यात यात्रेच्या बाया. शेजारी येवल्याकडची एक म्हातारी, मांडीवर नारळ, तोंडाला खंड नाही. "पोरी, ह्यो तुझा भाऊ का दीर? लय पांढरा पडलाय. ए बाबा, खाली बघू नको. माझा दाल्ला बघायचा आन् वकायचा." मी म्हणालो, "आजी, मी नाटकात काम करतो, मला भीती वाटत नाही." म्हातारी म्हणाली, "मग गुडघं काय टाळ्या वाजिवतेत व्हय?"

हे सगळं मी शंभरदा सांगितलंय. कॉलनीच्या गणपतीत, लग्नांत, एसटीत. पण पुढचं सांगताना माझा हसरा चेहरा आतून ओढून धरावा लागायचा, हे फक्त तुम्हाला दिसत असणार.

बगल आली. वरून रिकामी सासू उतरत आली, आमच्या बाजूला आली, आणि गाडी थांबली.

ती तिथे कधी थांबत नाही. दोर ताणून गुणगुणायला लागला, असा की दातांत कळ जावी. मग आम्ही मागे घसरलो. हातभरच. पण उभ्या कड्यावर हातभर म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. म्हातारीच्या मांडीवरचा नारळ निसटून घरंगळत डब्याच्या खालच्या टोकाला गेला आणि आपटला, आणि कुणीही, दाजी, तो आणायला हललं नाही. म्हातारीचं तोंड उघडं, आवाज नाही. शेजारी तो रिकामा डबा, त्याच्या बाकांवर कुणी नाही, नुसता झुलतोय. मला वाटलं, आमच्या डब्यात थोड्या वेळानं असंच दिसेल.

अक्कानं माझी कॉलर गाडी सुटल्यापासून धरली होती. पदराआडून कुजबुजली, "शरद, वर तेच आहेत ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग काही होत नाही," ती म्हणाली, आणि कॉलर सोडली.

आणि गाडी निघाली. अशी अलगद की कळलंच नाही कधी निघाली. वर पोचलो. बाया रडत होत्या, हसत होत्या. दोर घसरला आणि वरच्या माणसानं सावरला, अशी बातमी उतरायच्या आत तयार झाली. म्हातारीनं तर तुमच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, "बाबा, तुझ्या हातात द्येव हाय." तुम्ही दोरघराच्या दारात उभे, आत यमाजी. अक्का पुढे आली आणि तिनं पदर मागे घेतला.

तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "पायऱ्यांनी उतरा," एवढंच म्हणालात, आणि टाक्याकडे जाऊन तोंडावर पाणी मारत बसलात. कितीतरी वेळ.

उतरताना अक्का आधी हसत होती. "बघितलंस? बायको डब्यात, दोर घसरला, अन् पठ्ठ्याचा हात हलला नाही!" पाच-पन्नास पायऱ्या उतरल्यावर थांबली. आणि मग म्हणाली, "शरद, आपलं माणूस असलं की हात भितो ना रे? मग त्यांचा का नाही भ्याला?"

मी म्हणालो, त्यांना माहीतच नव्हतं. माझी नक्कलच तशी होती!

"अन् माहीत असलं तर?"

दाजी, इथून ते सुरू झालं. आधी चेष्टेत, मग भाजी जास्त खारट झाली म्हणून, मग तुम्ही तिच्या माहेरच्या लग्नाला गेला नाहीत म्हणून. भांडण कुठूनही निघो, येऊन थांबायचं बगलेतच. "तुमचा हात कुठे भ्याला होता? मी काय, दहा गावच्या बायकांतली एक!" आणि तुम्ही म्हणायचात, "दोर थकला होता." एवढंच. "तुम्हाला माहीत होतं का?" "दोर थकला होता." मी मधे पडायचो, माझ्या नकलेची साक्ष काढायचो, पुन्हा खाकरून दाखवायचो. एकदा कॉलनीच्या गणपतीत मी तो सगळा प्रसंग उभा केला, खंडूपासून नारळापर्यंत. "वर तेच आहेत ना?" हे अक्काच्या आवाजात म्हटलं तेव्हा मंडपात चिडीचूप. तुम्ही मागच्या रांगेत होता. नंतर सगळे वाहवा करत होते आणि तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, "चांगलं झालं. खोकणं तेवढं जास्त होतं." मला राग आला. गाडी ओढणारा माणूस मला अभिनय शिकवतो!

दवाखान्यातले शेवटचे दिवस. तुमचा डावा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर असायचा, मूठ वळलेली. नर्सबाई सोडवायच्या, तुम्ही परत धरायचात. मला दिसत होतं की तुम्ही भिताय. मलाही भीती वाटत होती, इतकी की खोलीत शिरण्याआधी मी जिन्यात उभा राहून चेहरा बसवायचो. मग आत येऊन डॉक्टरांची नक्कल करायचो, तुम्ही ओठाच्या कोपऱ्यातून हसायचात, आणि मी पळून जायचो. दाजी, मला भीती वाटतेय, हे वाक्य मी तुम्हाला म्हणालो नाही. तुम्हीही मला म्हणाला नाहीत. दोघंही कसले कसलेले नट!

तुमची इच्छा अक्काला ठाऊक होती. "रामकुंडात सगळेच असतात. लय गर्दी. चिमूटभर मला वर ठेवा, बुरुजापाशी." तसं करायचं ठरलं. मी म्हणालो, डोलीवाला बघू, पायऱ्या आता तुला झेपायच्या नाहीत. अक्का म्हणाली, "डब्यानं जायचं. आज कोण अडवतंय?"

मला घाम फुटला. तुम्ही निवृत्त झाल्यापासून मी त्या गाडीकडे फिरकलो नव्हतो. गाडी तीच, रूळ तेच, दोर म्हणे नवा. पण दांड्यावर तुमचा हात नाही, म्हणजे माझ्या हिशेबी वर कुणीच नाही.

अक्का सुनेत बसली, मांडीवर कापडात बांधलेली छोटी लोटी. मी शेजारी. खंडू आता पार वाकलाय, तरी जागा सोडलेली नाही. फोन वाजला. वरून यमाजीचा आवाज इतका मोठा की डब्यात ऐकू आला, "आपलं कोण?"

खंडूनं डब्यात डोकावून पाहिलं. माझ्याकडे, अक्काकडे, मग लोटीकडे. मग म्हणाला, "हाय."

फोन ठेवला, आणि मग तो खोकला. खोल, नेहमीसारखा. फोनवर नाही, दाजी. फोन ठेवल्यावर. माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं आणि विझलं, कारण घंटा झाली आणि मी बाकाची कड धरली.

बगलेत मी डोळे मिटले. थांबेल, आत्ता थांबेल. रिकामा डबा वारा फेकत शेजारून गेला. नाही थांबली.

वर उतरलो तर दांड्यावर एक नवाच तरुण माणूस. यमाजी बाहेर, बुरुजाच्या कडेला, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. अक्का त्याच्यापाशी गेली. "यमाजी, तुम्ही नाही चालवली?"

तो उठला. डोळे पुसत म्हणाला, "वयनी, आपलं मानूस व्हतं ना डब्यात. त्या दिशी त्यांनी बी दांडा माझ्याच हातात दिला व्हता."

"कोणत्या दिवशी?"

"तुम्ही पदर घेऊन आला व्हता तवा. गाडी निम्म्यात आली आन् तुमचं मालक म्हनले, खंडू फोनवर कधी खोकत नाय. ह्यो तर आपला नाटक्या. मग खिडकीतून वाकून बघितलं. तुम्ही नाटक्याची कॉलर धरून बसल्याल्या. ब्रेक वढला त्यांनीच. दोरबिर काय घसरला नाय, वयनी. हात भ्याला व्हता. मला म्हनले, तू धर. अन् मग हितं."

त्यानं दोरघराच्या आतला कोपरा दाखवला. "हितं बसले. भिंतीकडं तोंड करून, दोन्ही कानांवर हात. डबा आला, तुमचा आवाज आला, तवा उठले."

अक्का त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं? जन्मभर विचारत होते मी."

"शपथ घातली व्हती मला. तुमच्या भावानं त्या गणपतीत खेळ केला ना, तवापासून. म्हनले, निम्म्यात लटकल्याली असताना ती म्हनाली, वर ते हायेत, काय व्हत नाय. वर मी नव्हतोच, यमाजी. मी भिंतीला तोंड लावून बसलो व्हतो. पन तिची भीती गेली ती त्या एका गोष्टीवर. ती तशीच राहू दे."

दाजी, मला वाटलं आता ती कोसळते. अक्का दोरघरात गेली, त्या कोपऱ्यात खाली बसली, भिंतीवरून हात फिरवला. आणि हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. "भित्रे कुठले," ती भिंतीला म्हणाली. "भित्रे! एवढे भ्यालात?"

बुरुजापाशी वगैरे काही नाही. लोटीतली चिमूट तिनं त्याच कोपऱ्यात, फरशीच्या फटीत सोडली. तुमची इच्छा मोडली म्हणून रागावू नका. ती जागा तिला जास्त पटली. मी दारात उभा होतो आणि मनात म्हणत होतो, खोकणं जास्त होतं, हे मला जरा नीट समजावून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्या एका खाकरणीच्या जोरावर मी किती मिरवलो. मिरवू दिलंत.

ऊन उतरलं होतं. मी म्हणालो, अक्का, पायऱ्यांनी जाऊ, हळूहळू. ती काही ऐकायला तयार नाही. परत डब्यात जाऊन बसली, हात रिकामे, मांडी रिकामी. मी शेजारी. दांड्यावर तो नवा पोरगा. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. गाडी कड्याच्या तोंडाशी टेकली, खाली नुसती पोकळी, आणि माझे गुडघे पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. या वेळी कॉलर कुणी धरली नाही. मीच अक्काचा पदर मुठीत धरला.

तिनं एकदा मागे वळून दोरघराकडे पाहिलं.

"शरद, वर तेच आहेत ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग काही होत नाही," ती म्हणाली. आणि घंटा झाली.